कवितेतला पक्षी नेमका कोणता? लेओपार्दीच्या ‘इल पास्सेरो सोलितारियो’च्या मराठी अनुवादाचे प्रकरण

पार्श्वभूमी

एका मराठी वाङ्मयीन नियतकालिकाने इटालियन कवितेला वाहिलेला विशेषांक काढायचे ठरवले. निवडीत पेत्रार्काचे एक सुनीत, फोस्कोलोच्या दीर्घकवितेतील एक उतारा, जाकोमो लेओपार्दीच्या काही कविता आणि पास्कोली व मोंताले यांच्या प्रत्येकी एक-दोन रचना होत्या. सर्व अनुवाद एकाच अनुवादिकेने मूळ इटालियनवरून केले होते. त्यांचे इटालियन भक्कम होते आणि मराठी छंदांची जाणही उत्तम होती. प्रस्तुत लेखक या अंकाच्या संपादनात सहभागी होता. संबंधितांची आणि नियतकालिकाची नावे येथे गाळली आहेत, कारण प्रश्न व्यक्तींचा नसून वाचनाच्या पद्धतीचा आहे.

लेओपार्दीचा जन्म 1798 साली मध्य इटलीतील मार्के प्रांतात, रेकानाती या डोंगरमाथ्यावरच्या लहानशा गावात झाला आणि 1837 साली नेपल्समध्ये त्याचा मृत्यू झाला. ‘इल पास्सेरो सोलितारियो’ ही त्याची कविता ‘कांती’ या संग्रहाच्या 1831 च्या फ्लॉरेन्स आवृत्तीत नव्हती. ती 1835 च्या नेपल्स आवृत्तीत प्रथम आली आणि कवीने तिला ‘लिन्फिनितो’ या आपल्या सर्वांत प्रसिद्ध कवितेच्या आधीचे, अकरावे स्थान दिले. कवितेचा विषय सांगायला सोपा आहे. जुन्या मनोऱ्याच्या टोकावर एक पक्षी बसला आहे आणि दिवस मावळेपर्यंत तो रानाकडे तोंड करून गात राहतो. वसंत ऋतू आहे, इतर पक्षी आनंदाने आकाशात घिरट्या घालत आहेत, हा मात्र बाजूला बसून सारे न्याहाळतो. दुसऱ्या कडव्यात कवी म्हणतो की माझीही रीत तुझ्यासारखीच आहे: गावात सण आहे, घंटा वाजत आहे, बंदुकांचे बार उडत आहेत, तरुण मुले-मुली नटूनथटून रस्त्यावर आली आहेत आणि मी एकटाच गावाबाहेर निघालो आहे. तिसऱ्या कडव्यात दोघांची वाट वेगळी होते, आणि या प्रकरणातील सारा पेच अखेरीस त्या कडव्यापाशीच येऊन थांबला.

अडचण

पहिल्या खर्ड्यात कवितेचे शीर्षक ‘एकाकी चिमणी’ असे होते. ‘पास्सेरो’ म्हणजे चिमणा आणि ‘सोलितारियो’ म्हणजे एकटा, हे कोणताही इटालियन कोश सांगतो. इंग्रजी भाषांतरांतही एके ठिकाणी चिमणी आढळते, तर दुसऱ्या ठिकाणी कस्तूर कुळातला पक्षी, त्यामुळे ती चाळून शंका मिटण्याऐवजी वाढली.

शंका प्रथम काढली ती अंकाच्या मुद्रितशोधकांनी. त्या इटालियन जाणत नव्हत्या. त्यांचा प्रश्न साधा होता: पहिल्याच ओळींत या चिमणीच्या गाण्याची सुरावट दरीभर फिरत राहते असे म्हटले आहे, तर चिमणीचे चिवचिवणे दरीभर कसे पसरेल? आणि चिमण्या कधी एकट्या बसतात का? संपादकांपैकी एकाचे उत्तर असे होते की कवितेत असे चालते, कवीने मुद्दाम अपवादात्मक चिमणी रंगवली असेल. हे उत्तर सहज पटण्यासारखे होते, आणि त्यावर विषय तेथेच मिटला असता. परंतु ज्या कवीने आयुष्यभर निसर्गाशी इतक्या गंभीरपणे वाद घातला, त्याने पक्ष्याच्या स्वभावाबाबत इतकी ढिलाई केली असेल का, हा प्रश्न आम्हांला सोडून देता आला नाही.

पुराव्यांची छाननी

पहिला पुरावा भाषेतलाच होता, आणि तो कोशातील स्वतंत्र नोंदींमुळे नजरेआड झाला होता. इटालियनमध्ये ‘पास्सेरो सोलितारियो’ हे दोन शब्द एकत्र आले की ते एका निश्चित पक्ष्याचे रूढ नाव होते. हा पक्षी म्हणजे शास्त्रीय नावाने मोंतिकोला सोलिटॅरियस, खडकाळ कड्यांवर, पडक्या भिंतींवर आणि उंच मनोऱ्यांवर राहणारा, कस्तुरासारखा दिसणारा पक्षी. नर निळसर करडा असतो, मादी तपकिरी. चिमणीहून तो बराच मोठा, वीस-बावीस सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि उंच जागी बसून गोड, बासरीसारख्या सुरात गातो. हे नाव लेओपार्दीच्या काळी नवे नव्हते. 1622 साली रोममध्ये छापल्या गेलेल्या, गाणाऱ्या पक्ष्यांवरच्या ओलिना यांच्या ‘उच्चेल्लिएरा’ या ग्रंथातही हा पक्षी याच नावाने येतो, कारण त्याच्या गळ्यासाठी लोक तो पिंजऱ्यात पाळत असत. सजीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनिअसने 1758 साली त्याला दिलेल्या नावातही ‘एकटा’ हा शब्द कायम आहे.

दुसरा पुरावा कवितेच्या आत होता. मनोऱ्याचे टोक, दिवस मावळेपर्यंत चालणारे गाणे, थव्यापासूनचे अंतर, यांतील प्रत्येक तपशील या पक्ष्याला चपखल बसतो आणि चिमणीला एकही बसत नाही. रेकानातीत हा मनोरा म्हणजे संत ऑगस्टिनच्या चर्चचा घंटामनोरा, असे परंपरेने मानले जाते. इटलीच्या मुख्य भूमीवरील चिमणी ही आपल्या घरचिमणीची जवळची नातलग आहे. ती वस्तीत, वळचणीला, थव्याने राहते. म्हणजे कवितेतील जे ‘इतर पक्षी’ एकमेकांशी चढाओढ करत हजार घिरट्या घालतात, त्या गर्दीत तिची जागा आहे.

येथवर सर्वांचे एकमत झाले होते. त्यानंतर अनुवादिकेने स्वतःच उलट बाजूने एक भक्कम हरकत मांडली, आणि तिच्यामुळे चर्चा खऱ्या अर्थाने खोल गेली. त्यांचे म्हणणे असे की लेओपार्दीने हा शब्दप्रयोग पक्ष्याकडे पाहून घेतलेला नाही, तो पुस्तकांतून घेतला आहे. बायबलच्या लॅटिन अनुवादात 102 व्या स्तोत्रात, जे लॅटिन क्रमांकानुसार 101 वे ठरते, स्तोत्रकर्ता स्वतःला छपरावरच्या ‘पास्सेर सोलितारियुस’ची उपमा देतो. तेथील मूळ हिब्रू शब्द ‘त्सिप्पोर’ हा कोणत्याही लहान पक्ष्याला लागू पडतो. पेत्रार्काच्या ‘कांझोनिएरे’ या काव्यसंग्रहातील 226 वे सुनीत याच उपमेने सुरू होते: कोणत्याही छपरावरचा पक्षी माझ्याइतका एकटा कधी नव्हता. लेओपार्दीने तर पेत्रार्काच्या कवितांवर स्वतः टीका लिहिली होती आणि ती 1826 साली मिलानमध्ये प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे ही ओळ त्याला ठाऊक नव्हती असे म्हणताच येत नाही. मग जी प्रतिमा दोन हजार वर्षे ग्रंथांतून फिरत आली, तिला एका विशिष्ट जातीच्या पिसांत कोंबणे योग्य आहे का?

ही हरकत दुर्लक्षिण्याजोगी नव्हती आणि तिला पूर्ण उत्तर आहे असे मला आजही वाटत नाही. परंतु तिच्याने पहिला पुरावा खोटा ठरत नाही. लेओपार्दीच्या काळच्या इटालियन माणसाला ‘पास्सेरो सोलितारियो’ म्हणताच स्तोत्रही आठवत होते आणि मनोऱ्यावरचा निळा पक्षीही दिसत होता, कारण स्तोत्रातील शब्द आणि पक्ष्याचे नाव तेव्हा एकच झालेले होते. आमच्यापुढचा प्रश्न असा होता की मराठीत दोन्ही एकत्र आणता येत नसतील तर या विशिष्ट कवितेत काय राखलेच पाहिजे.

त्याचे उत्तर तिसऱ्या कडव्यात मिळाले. तेथे कवी पक्ष्याला सांगतो की आयुष्याची संध्याकाळ झाली तरी तुला तुझ्या रीतीचा पश्चात्ताप होणार नाही, कारण तुमची प्रत्येक ओढ ही निसर्गाचेच फळ असते. माझे मात्र तसे नाही. म्हातारपणाचा तिरस्करणीय उंबरठा मला टाळता आला नाही, तर मी पुनःपुन्हा मागे वळून पाहीन आणि हळहळेन, पण त्याने सांत्वन होणार नाही. संपूर्ण कविता या भेदावर उभी आहे. पक्षी एकटा आहे कारण त्याची जातच एकटी राहणारी आहे. माणूस एकटा आहे आणि त्याची जात तशी नाही. पक्ष्याच्या जागी चिमणी बसवली की तिचे एकटेपणही थव्यातून तुटल्याचे, म्हणजे माणसासारखेच दुःख होऊन बसते. मग ‘निसर्गाचे फळ’ या शब्दांना अर्थ उरत नाही आणि शेवटच्या ओळींतील हळहळ ज्या विरोधातून उसळते तो विरोधच नाहीसा होतो. दोन एकाकी जीवांची हळवी गळाभेट एवढेच मागे राहते, आणि लेओपार्दीला अशा गळाभेटीत रस नव्हता.

याच कवीच्या गद्यातूनही या वाचनाला आधार मिळतो. ‘ओपेरेत्ते मोराली’तील पक्ष्यांच्या स्तुतीत आमेलियो नावाचा एक तत्त्वज्ञ, ज्याला लेओपार्दी ‘सोलितारियो’ हेच विशेषण लावतो, वसंतातल्या एका सकाळी पुस्तक वाचताना पक्ष्यांच्या गाण्याने भानावर येतो आणि पक्षी हे स्वभावतःच जगातले सर्वांत आनंदी जीव आहेत असे लिहू लागतो. पक्ष्यांचा स्वभाव आणि माणसाचा स्वभाव यांतील अंतर हा लेओपार्दीच्या मनात घर करून बसलेला विषय होता.

विचारात घेतलेले पर्याय

‘चिमणी’ ठेवावी, असा एक मतप्रवाह शेवटपर्यंत होता. शब्द घरगुती आहे, वाचकाला टीप लागत नाही, आणि स्तोत्र व पेत्रार्का यांच्याशी असलेले नाते टिकते. पण मराठी वाचकाच्या मनात चिमणी बालगीतांतून, अंगणातून आणि दाण्यापाण्यातून येते. शिवाय ती स्त्रीलिंगी आहे, आणि पक्ष्यात स्वतःचा जोडीदार पाहणाऱ्या कवीच्या संबोधनाला त्यामुळे वेगळाच सूर लागतो. ‘चिमणा’ केल्याने लिंग सुटते, लाडिकपणा सुटत नाही.

‘पाखरू’ हा शब्द सर्वांत सुरक्षित वाटला होता. तो कोणत्याच जातीला बांधलेला नाही आणि हिब्रू शब्दाच्या व्याप्तीशी जुळतो. मात्र ज्या कवितेत जातीचा स्वभाव हाच युक्तिवाद आहे, तिथे जात पुसणारा शब्द घालणे म्हणजे पेच सोडवण्याऐवजी त्याला बगल देणे झाले असते.

एका सूचनेप्रमाणे मराठी वाचकाच्या ओळखीचा, उंच जागी बसून गाणारा पक्षी घ्यायचा होता, म्हणजे दयाळ. दयाळ खरोखर छपराच्या टोकावर बसून सुरेख गातो. पण तो बागेतला, घराशेजारचा पक्षी आहे आणि त्याच्याबरोबर रेकानातीचा ओसाड मनोरा महाराष्ट्रातल्या परसात येऊन पडला असता.

इटालियन नाव तसेच ठेवून खाली टीप द्यावी, हा पर्याय लवकरच मागे पडला. पहिल्याच संबोधनात परका शब्द आला की कवी पक्ष्याशी बोलतो आहे असे वाटतच नाही.

उरला कस्तूर. येथे आम्ही पश्चिम घाटात अनेक वर्षे पक्षी पाहिलेल्या एका निरीक्षकांचा सल्ला घेतला, आणि त्यांच्याकडून जे कळले त्याने सर्वांनाच हुरूप आला. हा पक्षी महाराष्ट्राला परका नाही. त्याची एक उपजात हिवाळ्यात दख्खनमध्ये येते. सिंहगडासारख्या किल्ल्यांच्या तटांवर आणि कातळांवर तो एकटाच बसलेला दिसतो. या उपजातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांच्या 1832 सालच्या यादीत केले आणि तिला ‘पांडू’ हे नाव दिले, जे तिच्या शास्त्रीय नावात आजही आहे. त्याच निरीक्षकांनी एक इशाराही दिला: हिवाळ्यात हा पाहुणा बहुतेक गप्प असतो. म्हणजे ज्या मराठी वाचकाने तो पाहिला असेल त्यानेही त्याचे गाणे क्वचितच ऐकले असेल. पावसाळ्यात घाटात शीळ घालणारा कस्तूर वेगळा, आणि नुसते ‘कस्तूर’ म्हटले की अनेकांना तोच आठवेल.

घेतलेला निर्णय

पक्ष्यासाठी ‘कस्तूर’ हा शब्द पक्का झाला. शीळकऱ्या कस्तुराशी होणारी गल्लत आम्ही सहन करायचे ठरवले, कारण त्या गल्लतीतून वाचकाच्या कानात गाणेच येते, आणि कवितेला ते हवेच आहे. ‘निळा’ हे विशेषण घालून जात अधिक स्पष्ट करता आली असती. पण कवितेत कोठेही रंग नाही, तेव्हा तो अनुवादात घालण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

त्याहून अधिक वेळ गेला तो ‘सोलितारियो’वर. ‘एकाकी’ या शब्दात मागे टाकले गेल्याची वेदना आहे, ती कवीला लागू पडते, पक्ष्याला नाही. ‘एकटा’ ही केवळ परिस्थिती सांगतो. आज एकटा असलेला उद्या दोघांत असू शकतो. अनुवादिकेने ‘एकांडा’ सुचवला. स्वतःचा घोडा घेऊन स्वतंत्रपणे चाकरी करणाऱ्या एकांड्या शिलेदारामुळे या शब्दाला लढवय्येपणाची छटा आहे, आणि ती येथे परकी वाटेल अशी भीती मी व्यक्त केली. परंतु एकटे राहणे हीच ज्याची रीत आहे असा जीव, हा अर्थ दुसरा कोणताही मराठी शब्द इतक्या थेटपणे देत नव्हता. शिवाय कवितेत रीत, स्वभाव, सवय या अर्थाचा ‘कोस्तूमे’ हा शब्द तीनही कडव्यांच्या युक्तिवादाच्या मध्यभागी आहे. शीर्षक ‘एकांडा कस्तूर’ असे ठरले.

पेत्रार्काच्या सुनीतात मात्र आम्ही ‘पाखरू’ ठेवले. तेथे पक्षी केवळ उपमेपुरता, एका ओळीपुरता येतो, छप्पर थेट स्तोत्रातून आले आहे, आणि पक्ष्याच्या जातीवर कवितेतील काहीही अवलंबून नाही. असे केल्याने लेओपार्दीच्या ओळीमागे पेत्रार्काची ओळ ऐकू येणे थांबते, हे नुकसान खरे होते. ते भरून काढण्यासाठी अनुवादिकेने सुनीतातही ‘एकांडे पाखरू’ असे केले, आणि लेओपार्दीच्या तिसऱ्या कडव्यात, जेथे मुळातच कवी जातीचे नाव सोडून ‘सोलिंगो आउजेल्लिन’, म्हणजे एकटे चिमुकले पाखरू, असे म्हणतो, तेथे ‘एकांड्या पाखरा’ हे संबोधन योजले. अंक क्रमाने वाचणाऱ्याला त्या कडव्यात सुनीताची आठवण व्हावी, अशी योजना होती. माझ्या मते संपूर्ण अनुवादातील ही सर्वांत सुंदर कारागिरी आहे.

त्याच अंकातील दुसरा पक्षी

हे सर्व ठरल्यावर एक वेगळाच धोका उभा राहिला. कस्तुराच्या शोधाने उत्साहित होऊन एका सहकाऱ्याने फोस्कोलोच्या ‘देई सेपोल्क्री’तील ‘ऊपुपा’ही दुरुस्त करावा असे सुचवले. 1807 सालच्या त्या कवितेत हा पक्षी रात्री कवटीतून बाहेर पडतो आणि स्मशानातल्या क्रुसांवर फडफडत रडका आवाज काढतो. ऊपुपा म्हणजे हुदहुद, डोक्यावर तुरा असलेला, दिवसा जमिनीवर किडे टिपणारा देखणा पक्षी. तो रात्री स्मशानात फिरत नाही, तेव्हा तेथे घुबड घालावे, असा युक्तिवाद होता.

तो आम्ही मान्य केला नाही. फोस्कोलोचा हुदहुद प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे, पण त्याने तोच पक्षी लिहिला आहे, आणि अपशकुनी हुदहुदाची ही कल्पना त्याच्या आधीच्या साहित्यातही होती. शिवाय 1925 च्या ‘ओस्सी दि सेप्पिया’ या संग्रहात मोंताले याच हुदहुदाला, कवींनी बदनाम केलेल्या आनंदी पक्ष्या, अशी हाक मारतो. फोस्कोलोच्या उताऱ्यात घुबड घातले असते, तर त्याच अंकात काही पाने पुढे असलेली मोंतालेची कविता कोणत्या बदनामीबद्दल बोलते आहे हे वाचकाला कळलेच नसते. लेओपार्दीच्या बाबतीत नावामागचा खरा पक्षी शोधणे आवश्यक होते, आणि फोस्कोलोच्या बाबतीत खऱ्या पक्ष्याला कवितेबाहेर ठेवणे.

परिणाम

अंक प्रसिद्ध झाल्यावर या कवितेवर इतर कवितांपेक्षा अधिक पत्रे आली. इटालियन शिकवणाऱ्या एका वाचकांनी ‘चिमणी’ वगळल्याबद्दल नाराजी कळवली. त्यांच्या मते स्तोत्रातील दीनवाणा सूर ‘एकांडा’ या ताठ शब्दात हरवला आहे. ही टीका रास्त आहे. काही वाचकांना शीर्षकात कस्तुरीचा भास झाला. दुसरीकडे, किल्ल्यांवर भटकणाऱ्या एकाने लिहिले की तटावर गप्प बसलेला हा पक्षी आपण अनेक हिवाळे पाहिला होता, पण त्याचे नाव विचारावेसे प्रथमच वाटले.

शब्दांच्या निवडीपेक्षा मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. ज्यांनी कवितेच्या शेवटाबद्दल लिहिले, त्यांतील बहुतेकांनी पक्षी आणि माणूस यांच्यातील भेदच नेमका पकडला होता. पहिला खर्डा वाचून आमच्यापैकीच काहींना ही साम्याची कविता वाटली होती.

वेगळे काय करता आले असते

पक्षिनिरीक्षकांचा सल्ला अनुवाद जवळजवळ पूर्ण झाल्यावर घेतला गेला. तो आधी घेतला असता तर ‘चिमणी’ला धरून बांधलेल्या अनेक ओळी, विशेषतः स्त्रीलिंगी क्रियापदांवर बेतलेली यमके, पुन्हा रचाव्या लागल्या नसत्या. मुद्रितशोधकांच्या प्रश्नालाही अधिक सन्मानाने आणि लगेच उत्तर द्यायला हवे होते. मूळ भाषा न जाणणाऱ्या वाचकाला विसंगती अनेकदा लवकर दिसते, कारण त्याच्यापुढे कोशाचा दिलासा नसतो.

टीप न देण्याच्या निर्णयावर मी आज पुनर्विचार करीन. कविता टीपेविना उभी राहावी हा आग्रह योग्य होता, परंतु अंकाच्या शेवटी चार ओळींत स्तोत्र, पेत्रार्का आणि पक्ष्याचे रूढ नाव यांचा उल्लेख आला असता, तर ज्या वाचकांनी चिमणीचा आग्रह धरला त्यांना आपली हरकत विचारात घेतली गेली होती एवढे तरी कळले असते.

पास्कोलीच्या ‘मिरिके’ या संग्रहातही ‘इल पास्सेरो सोलितारियो’ नावाची एक छोटी कविता आहे. तीत मनोऱ्यावरचा पक्षी आपल्या सुरांची पट्टी हलकेच चाचपतो, जशी मठात कोंडलेली जोगीण बोटांच्या टोकांनी ऑर्गन वाजवते. ती या अंकात घेतली नव्हती, पण पुस्तकरूपाने येणाऱ्या संग्रहात घेतली जाणार आहे. पास्कोली हा पक्षी आणि फुले यांच्या नेमक्या नावांबाबत अत्यंत काटेकोर असलेला कवी, इतका की लेओपार्दीने एका मुलीच्या हाती गुलाब आणि व्हायोलेट यांचा एकत्र गुच्छ दिला याबद्दल त्याने जाहीर आक्षेप घेतला होता. त्यामुळे तेथे ‘कस्तूर’ राहील याविषयी दुमत नाही. ‘एकांडा’ मात्र त्या कोंडलेल्या जोगिणीशेजारी टिकेल का, यावर अनुवादिका अजून काम करत आहेत.